घरच्या काचपेटीत 'पिकू'ची पैदास : कारागिरांसाठी सबुरीचा जोडधंदा

पावसाळा सुरू झाला की लाकूडकाम आणि पॉलिशच्या धंद्यात मंदी येते. हवेत ओल असल्याने पॉलिश लवकर वाळत नाही आणि वाळले तरी त्यावर पांढरट झाक धरते. गिऱ्हाईक म्हणते, "दिवाळीच्या सुमारास बघू." कामण-भिवंडी रस्त्याच्या गाळ्यांत काम करणाऱ्या आमच्यासारख्या अनेक कारागिरांचे हे तीन-चार महिने हात चोळत जातात. अशाच एका पावसाळ्यात घरबसल्या करता येईल असा जोडधंदा शोधताना आम्ही शोभेच्या माशांकडे वळलो. त्यातही सर्वजण पाळतात तो गप्पी न घेता आम्ही किलीफिश या जातीचा मासा घेतला. पहिल्या वर्षी तोटा झाला, दुसऱ्या वर्षी खर्च निघाला, तिसऱ्या वर्षी हाती थोडे पैसे उरले. या तीन वर्षांत जे शिकलो ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवावे, म्हणजे त्यांचे पहिले वर्ष तरी वाचेल, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

नाव परके, मासा आपला

किलीफिश हे नाव ऐकून अनेकांना वाटते की हा मारकुटा मासा असावा. तसे नाही. डच भाषेत 'किल' म्हणजे ओढा किंवा पाण्याची चिंचोळी वाट. ओढ्या-ओहळांत राहणारा म्हणून तो किलीफिश. आणि ओढे-ओहळ आम्हा कामणकरांना नवे नाहीत. एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मधल्या भातखाचरांतून वाहणारे पावसाचे पाणी, अशी या गावाची बैठक आहे.

या कुळातील एक मासा आपल्या कोकणपट्टीत पूर्वापार आहे. मुंबई-ठाण्याकडे त्याला 'पिकू' म्हणतात. शास्त्रीय नाव अॅप्लोकायलस लिनिएटस. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅलेन्सिएन यांनी १८४६ साली याचे वर्णन प्रसिद्ध केले ते मुंबईच्या माशावरून. याचा एक भाऊबंद बंगालमध्ये आढळतो. तिकडे त्याला 'तेचोखा', म्हणजे तीन डोळ्यांचा, म्हणतात, कारण त्याच्या डोक्यावर डोळ्यासारखा चमकणारा ठिपका असतो. दुकानदार ज्याला 'पँचॅक्स' म्हणतात ते नावही बंगालीतूनच शास्त्रात गेले. हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात ते नोंदवले.

तेव्हा दुकानात काचेमागे दिसणारा सोनेरी 'गोल्डन वंडर' पाहून हा परदेशी माल असावा असे समजू नये. तो आपल्या पिकूचाच निवडीने तयार केलेला सोनेरी वाण आहे. आपल्या बांधावरचा मासा पिशवीत घालून आपल्यालाच विकला जातो, आणि आपण किंमत देऊन घेतो. मग तो आपणच का तयार करू नये?

मासा ओळखावा कसा?

पिकूचे तोंड वर वळलेले आणि पाठ सपाट असते, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात राहून पृष्ठभागावर पडणारे किडे खातो. पूर्ण वाढलेला मासा सुमारे १० सेंटिमीटर लांब होतो. अंगावर सोनेरी-हिरव्या ठिपक्यांच्या आडव्या ओळी असतात. नर मोठा व अधिक रंगीत असतो आणि त्याचा पोटाखालचा मागचा पर टोकदार दिसतो. मादीच्या अंगावर काळे उभे पट्टे अधिक ठळक असतात, आणि पाठीवरील पराच्या मुळाशी एक काळा डाग असतो. खरेदी करताना हा डाग पाहूनच नर-मादी निवडावेत. आम्ही पहिल्या खेपेला दुकानदाराच्या शब्दावर 'दोन जोड्या' आणल्या. महिनाभराने कळले की चारही नर आहेत. दोष दुकानदाराचा कमी आणि आमच्या अडाणीपणाचा अधिक.

प्रमाण एका नरामागे दोन किंवा तीन माद्या असे ठेवावे. एकच मादी असली तर नर तिला सतत हुसकावतो आणि ती दमून आजारी पडते. दोन नर एकत्र ठेवायचे तर पेटी मोठी हवी. याच्या तोंडात मावेल तो प्रत्येक मासा तो खातो, ही गोष्ट कधीही विसरू नये. आम्ही त्याच पेटीत गप्पीची पिल्ले सोडली होती. आठ दिवसांत एकही उरले नाही.

पेटी आणि झाकण

दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी एका कुटुंबाला पुरते. तिचे माप दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५६ लिटर. काठापासून दोन इंच खाली पाणी ठेवले तर सुमारे ४७ लिटर बसते. पाणी, काच व रेती मिळून वजन साठ किलोच्या पुढे जाते. म्हणून स्टूल हलके नसावे. सुतारकाम येणाऱ्या बांधवांनी स्टँड स्वतः बनवावा, म्हणजे तेवढा खर्च वाचतो. वरची फळी पूर्ण सपाट हवी आणि तिच्यावर थर्माकोलचा पत्रा घालावा. फळीला बाक असला तर काच तडकते.

झाकण हा या धंद्यातील निम्मा इमान आहे. पिकू उडी मारणारा मासा आहे. हवेची नळी आत जाण्यासाठी ठेवलेल्या फटीतूनही तो बाहेर पडतो. सकाळी फरशीवर वाळलेला मासा सापडला की काय वाटते ते ज्याने सोसले त्यालाच ठाऊक. झाकण काचेचे करावे, कोपऱ्यात नळीपुरतीच खाच ठेवावी आणि उरलेली फट स्पंजाने बुजवावी.

झाडांची पेटी का?

पिकूची पैदास उघड्या काचेच्या डब्यातही होते. तरी झाडांची पेटी आम्ही पसंत करतो. कारणे तीन. पहिले, मादीला नरापासून लपायला आडोसा मिळतो. दुसरे, माशांच्या विष्ठेतून पाण्यात अमोनिया तयार होतो तो झाडे शोषून घेतात. तिसरे, पाण्यावर तरंगणाऱ्या झाडांच्या मुळांत मादी अंडी घालते आणि त्यांतून सुटलेले पिल्लू तिथेच लपते.

झाडे महाग घेण्याची गरज नाही. हायड्रिला आपल्या तळ्यांत मुबलक असते. जावा मॉस नावाचे शेवाळासारखे झाड एकदा आणले की वर्षानुवर्षे वाढत राहते. वर तरंगण्यासाठी थोडे गोंडाळ चालते. तळ्यातून आणलेले झाड पेटीत सरळ टाकू नये. त्यातून गोगलगाय, जळू आणि चतुराचे किडे येतात, आणि चतुराचा किडा माशांची पिल्ले पकडून खातो. झाडे स्वच्छ धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवावीत व किडे वेचून काढावेत.

तळाला धुतलेली जाड रेती दोन इंच घालावी. ओढ्याची रेती घेतल्यास तिच्यावर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे. तो विरघळून पाणी जड करतो, म्हणून ती रेती टाळावी. दिवा दिवसातून आठ तास पुरे. खिडकीचे थेट ऊन पडू देऊ नये, नाहीतर काचेवर हिरवे शेवाळ चढते आणि पाणी तापते.

पेटी भरल्याबरोबर मासे सोडण्याची घाई करू नये. झाडे लावून तीन-चार आठवडे पेटी चालू ठेवावी. या काळात अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू स्पंजात व रेतीत वस्ती करतात. नव्या पेटीत मासे मरतात आणि लोक म्हणतात, "आमच्या हाताला मासा मानवत नाही." हाताचा दोष नसतो, घाईचा असतो.

पाणी कोणते वापरावे?

आमच्या भागात कुणाकडे विहीर, कुणाकडे बोअर, तर कुणाकडे टँकर. विहिरीचे पाणी बहुधा चांगले, पण खाडीजवळच्या विहिरीला खारेपणा असतो. पिकू थोडा खारेपणा सोसतो, तरी अंड्यांसाठी गोडे पाणी बरे. टँकर व नळाच्या पाण्यात क्लोरीन असण्याचा संभव धरावा. ते उघड्या पिंपात २४ तास ठेवून, शक्य तर हवा सोडून, मग वापरावे. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन मारण्याचे औषध पाकिटावरील प्रमाणात टाकावे. आठवड्यातून एकदा पेटीतील चौथा हिस्सा पाणी काढून तेवढेच नवे घालावे. सगळे पाणी एकदम कधीही बदलू नये. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश असले की मासा सुखी राहतो, म्हणजे आपल्या हवेत हीटरचा खर्च सहसा लागत नाही.

अंडी रोज वेचावी लागतात

आता मुख्य विषय. गप्पी पिल्ले देतो, सोनमासा एका वेळी शेकडो अंडी टाकतो. पिकूचे तसे नाही. त्याची मादी रोज थोडी थोडी अंडी घालते आणि हा क्रम अनेक दिवस चालतो. कधी चार, कधी दहा, कधी काहीच नाही. अंडे सुमारे दीड-दोन मिलिमीटरचे, स्वच्छ काचेच्या मण्यासारखे असते आणि त्याला बारीक चिकट तंतू असतात. त्या तंतूंनी ते झाडाच्या मुळाला चिकटते.

झाडांतून अंडी शोधणे अवघड जाते, म्हणून लोकरीचा झुपका वापरतात. हिरव्या किंवा काळ्या अॅक्रिलिक लोकरीचे आठ-दहा इंचांचे तीस-चाळीस धागे एका टोकाला घट्ट बांधावेत. ही लोकर प्रथम दोन-तीनदा उकळून तिचा सुटा रंग काढून टाकावा. बांधलेल्या टोकाला थर्माकोलचा तुकडा लावला की झुपका पाण्यावर तरंगतो आणि धागे मुळांसारखे खाली लोंबतात. मादीला ती झाडाची मुळेच वाटतात. झाडे पेटीच्या मागच्या बाजूला ठेवून पुढे एक झुपका सोडावा.

दर दोन दिवसांनी झुपका बाहेर काढून हलकेच पिळावा आणि उजेडात धरून धागे एकेक करून पाहावेत. अंड्याचे कवच टणक असते, बोटाच्या चिमटीत ते फुटत नाही. आमच्या घरी हे काम धाकट्या मुलीने हाती घेतले. तिची नजर तीक्ष्ण आणि हात हलका. लाकूड तासणाऱ्या आमच्या बोटांना जे जमत नव्हते ते तिने आठवड्यात साधले. त्या दिवसापासून एका वहीत तारीख, मिळालेली अंडी, खराब झालेली अंडी आणि फुटलेली पिल्ले असे चार रकाने आखून ती हिशेब ठेवते. आमचा धंदा उभा राहिला तो या वहीमुळे, पेटीमुळे नव्हे.

वेचलेली अंडी जेवणाच्या उथळ प्लॅस्टिक डब्यात पेटीचेच पाणी घालून ठेवावीत. त्यात मिथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब टाकावेत, म्हणजे पाण्याला फिकट निळी झाक येईल. यामुळे बुरशी आवरते. रोज डबा पाहावा. जे अंडे दुधासारखे पांढरे झाले ते मेलेले असते. ते ताबडतोब काढावे, नाहीतर त्याची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांना धरते. सुमारे आठवड्याने अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. ते पिल्लाचे डोळे होत. साधारण बारा ते पंधरा दिवसांत पिल्लू बाहेर येते.

ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनी मोठे मासे दुसऱ्या पेटीत हलवून झाडे आहेत तशी ठेवावीत. दोन-तीन आठवड्यांत पिल्ले वर तरंगताना दिसतात. ती चमच्याने काढता येतात. या पद्धतीत कष्ट कमी, पण पिल्लेही कमी. धंद्यासाठी झुपकाच बरा.

पिल्लांचे अन्न

येथे बहुतेकांचा धंदा बुडतो. पिल्लू सुरुवातीला कोरड्या भुकटीकडे पाहतही नाही, त्याला हलणारे जिवंत अन्न लागते. पहिले दोन-तीन दिवस झाडांवरील सूक्ष्म जीव पुरतात. त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातील अतिसूक्ष्म कोळंबीसारखा जीव, हे उत्तम अन्न होय. त्याची सुकी अंडी डब्यात मिळतात.

कृती अशी. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम खडे मीठ विरघळवावे. आपल्या भागातील मिठागरांचे साधे मीठ चालते. आयोडीनचे बारीक मीठ घेऊ नये. सरबताच्या प्लॅस्टिक बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगावी, त्यात हे पाणी व अर्धा चहाचा चमचा अंडी घालावी आणि हवेची नळी खालपर्यंत सोडावी. वर दिवा ठेवावा. २४ ते ३६ तासांत नारिंगी रंगाचे जीव तयार होतात. हवा बंद केली की टरफले वर येतात आणि जीव खाली गोळा होतात. ते बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन पिल्लांना द्यावेत. दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे द्यावे. उरलेले अन्न कुजून पाणी नासवते.

महिन्याभरात पिल्ले डासांच्या अळ्या व बारीक दळलेले खाद्य घेऊ लागतात. मग दर आठवड्याला आकारानुसार त्यांची वाटणी करावी. मोठे पिल्लू लहान भावंडाला गिळते, आणि सकाळी मोजणी कमी भरली की आपण चोर शोधत बसतो. चोर पेटीतच असतो.

कारागिराच्या घरातील धोका

एक अनुभव मुद्दाम सांगतो, कारण तो आमच्यासारख्यांच्याच कामाचा आहे. दुसऱ्या वर्षी आमच्याकडे महिन्याभराची चाळीसेक पिल्ले झाली होती. त्या रात्री बाहेरच्या खोलीत एका कपाटाला थिनर मारून ठेवले होते. हवेचा पंप त्याच खोलीत होता. पंप खोलीतील हवा ओढतो आणि थेट पाण्यात सोडतो, हे आम्हाला सुचले नाही. सकाळपर्यंत दोन सोडून सर्व पिल्ले मेली. मुलीने वहीत त्या दिवसापुढे फक्त आकडा लिहिला, बोलली काहीच नाही. त्या आकड्याने आम्हाला जे शिकवले ते कुणा उस्तादाने शिकवले नसते.

तेव्हा थिनर, स्पिरिट, रंग, वेल्डिंगचा धूर, डास मारण्याचा फवारा यांपैकी काहीही जिथे वापरले जाते तिथे पंप ठेवू नये. डासांच्या फवाऱ्यातील औषध माशांना फार विषारी असते. पॉलिशचे किंवा तेलाचे हात कोपरापर्यंत साबणाने धुऊन, साबणही पूर्ण निघेपर्यंत खळखळून मगच पेटीत घालावेत. जागा वेगळी नसेल तर हा धंदा करू नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

खर्चाचा हिशेब

वीज किती लागते? पाच वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला ३.६ युनिट होतात. दहा वॅटचा दिवा रोज आठ तास लावला तर २.४ युनिट. दोन्ही मिळून सहा युनिट. म्हणजे वीज महाग पडत नाही. महाग पडते ते पिल्लांचे अन्न, आणि त्याहून महाग पडतो आपला वेळ.

हिशेब असा मांडावा. समजा, एका महिन्यात शंभर अंडी मिळाली. त्यांतून सत्तर पिल्ले फुटली आणि विक्रीपर्यंत तीस टिकली. त्या तुकडीवर अन्न, वीज, औषध, पिशव्या मिळून ९०० रुपये गेले. तर एक मासा ३० रुपयांना पडला. आता दुकानदार त्याला काय देतो हे पाहावे. तो २५ देत असेल तर आपण धंदा करत नसून दुकानदाराला देणगी देत आहोत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या वहीतील आकडे घालावेत, आणि सुरुवातीची पेटी व मासे यांची किंमतही वर्षभरात वाटून धरावी.

मासा विक्रीयोग्य व्हायला चार-पाच महिने लागतात, म्हणजे या पावसाळ्यात घातलेला पैसा दिवाळीनंतर परत येतो. म्हणून उधार-उसनवार करून किंवा दुकानाचे भांडवल काढून यात पडू नये. एका पेटीने सुरू करावे. वर्षभर वही लिहावी. वही नफा दाखवील तेव्हाच दुसरी पेटी घ्यावी.

शासनाची मदत हवी असल्यास जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी. केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मासे संगोपनासाठी ३ लाख रुपयांचा प्रकल्प खर्च धरला होता आणि त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद होती. अर्ज करताना त्या वेळी कोणती योजना चालू आहे हे कार्यालयातूनच समजून घ्यावे. अनुदान मिळेल म्हणून धंदा सुरू करू नये. धंदा चालत असेल तर अनुदान घ्यावे. शिकण्याची आवड असणाऱ्या तरुणांनी मुंबईत वर्सोव्याला असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणांची चौकशी करावी.

माल विकावा कुठे?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमधील माशांची दुकाने जुनी व प्रसिद्ध आहेत. पण सुरुवातीला वसई, विरार, भिवंडी, ठाणे येथील छोट्या दुकानदारांकडे जावे. त्यांना दर आठवड्याला थोडा माल देणारा भरवशाचा माणूस हवा असतो. साधा पिकू स्वस्त जातो, सोनेरी वाणाला बरा भाव मिळतो. शंभर गप्पी विकले जातात तिथे दहा पिकू जातात, हे धरून चालावे.

देण्यापूर्वी एक दिवस माशाला उपाशी ठेवावे, म्हणजे पिशवीतील पाणी घाण होत नाही. पिशवी दुहेरी घ्यावी. एक हिस्सा पाणी, दोन हिस्से हवा. मोठे नर वेगवेगळ्या पिशवीत बांधावेत. आजारी, वाकड्या पाठीचा किंवा सर्व नरांचा लॉट कधीही देऊ नये. जोडी म्हणून दिली तर ती जोडीच असावी. आम्हाला चार नर मिळाले तेव्हा जे वाटले ते दुसऱ्या कुणाला आमच्यामुळे वाटू नये, एवढी काळजी घेतली की गिऱ्हाईक टिकते.

आफ्रिकेचे किली

या धंद्यात मुरल्यावर कुणी आफ्रिकन जातींकडे वळेल. झांझिबारचा नोथोब्रांकियस गुंथेरी हा अत्यंत रंगीत मासा पावसाळी डबक्यांत राहतो. डबके आटले की मासे मरतात, पण मातीत पुरलेली अंडी जिवंत राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. पाळणारे लोक ही अंडी ओलसर कोकोपीटमध्ये पिशवीत भरून काही महिने ठेवतात व टपालानेही पाठवतात. झिंबाब्वे-मोझांबिककडील याच कुळातील एक मासा काही महिन्यांतच म्हातारा होतो, म्हणून म्हातारपणाच्या संशोधनासाठी तो प्रयोगशाळांत पाळला जातो. मासा सुंदर, पण गिऱ्हाईक मोजके आणि आयुष्य थोडे. दुकानदाराने महिनाभर ठेवला तर त्याचा माल संपण्याआधी मासाच संपेल. म्हणून नवशिक्याने पिकूवरच हात बसवावा.

दोन पथ्ये

पहिले पथ्य असे की तुंगारेश्वर हे अभयारण्य आहे, तेथील ओढ्यांतून मासे धरून आणू नयेत. पैदाशीचे चार मासे विकत घ्यावेत, बाकीचे आपणच वाढवावेत. दुसरे असे की सोनेरी वाण किंवा परदेशी मासा नको झाला म्हणून नाल्यात सोडू नये. डासांसाठी म्हणून १९२८ साली इटलीहून भारतात आणलेला गॅम्बुशिया मासा सर्वदूर पसरला आणि आज तो स्थानिक माशांना अपायकारक मानला जातो. वास्तविक डासांच्या अळ्या खाण्यात आपला पिकूही तरबेज आहे. त्याच्याच लहान भाऊबंदाचा प्रयोग १९९० च्या दशकात गोव्यात पणजी येथे हिवतापाच्या डासांविरुद्ध केला गेला होता.

आमच्या लहानपणी भातखाचराच्या पाटात ओंजळ घातली की पिकू हाती लागे. आज त्या जागी भराव पडला आहे, गाळे उभे राहिले आहेत, आणि त्यांतल्याच एका गाळ्यात आम्ही रोजी कमावतो. म्हणून तक्रार तरी कुणाकडे करावी? एवढेच करता येते की जो मासा बांधावरून गेला तो घरात तरी टिकावा, आणि त्याने चार पैसेही द्यावेत.

हा धंदा कुणाला श्रीमंत करणार नाही. पण ज्याला रोज अर्धा तास देता येतो, ज्याच्या घरात थिनरच्या वासापासून दूर एक कोपरा आहे आणि जो वहीत खरा आकडा लिहू शकतो, त्याच्या मंदीच्या महिन्यांना याचा थोडा आधार होतो. आमच्या मुलीच्या वहीचे आता तिसरे पुस्तक चालू आहे. काल तिने लिहिले : अंडी सात, खराब एक. सबुरीने करणाऱ्याला एवढी आवक पुरे आहे.